हवेत इंजिन बंद पडलं तर: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत. लहान विमानाला एकच इंजिन असतं. तेच वर बंद पडलं तर पुढे काय? पत्रं प्रशिक्षणार्थींची आहेत, पालकांची आहेत, इंदापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचंही आहे. उत्तरांमधले वेगाचे आणि उंचीचे आकडे सेस्ना १७२ एस या चार आसनी विमानाचे आहेत, कारण ते आणि त्याची भावंडं आपल्याकडे शिकवायला सर्रास वापरतात. तुमचं विमान दुसरं असेल तर त्याच्या हस्तपुस्तिकेत छापलेला आकडाच धरा.

माझी मुलगी बारामतीला विमान शिकते आहे. इंजिन थांबलं की विमान दगडासारखं खाली येतं का? तिच्या हातात किती वेळ असतो?
*एक आई, सातारा*

दगडासारखं येत नाही. विमानाला तोलून धरतात ते पंख. इंजिनाचं काम त्याला पुढे ओढण्याचं. इंजिन थांबल्यावर पुढची गती उंची खर्चून मिळवावी लागते, घाटउतारावर पायडल न मारता सायकल चालते तशी. १७२ चा हा उतार साधारण एकास नऊ आहे. ६८ नॉटचा (ताशी सुमारे १२६ किलोमीटरचा) वेग राखला तर १,००० फुटांवरून विमान पावणेतीन किलोमीटर जातं आणि त्याला सुमारे ७५ ते ८० सेकंद लागतात. ३,००० फुटांवरून आठ किलोमीटर आणि जवळजवळ चार मिनिटं.

हा हिशेब वारा नसतानाचा. समोरून २० नॉटचा वारा असला तर १,००० फुटांतलं अंतर दोन किलोमीटरच्याही आत येतं. तोच वारा पाठीशी घेतला तर साडेतीन किलोमीटर होतं. म्हणून वारा कुठून आहे हे इंजिन चालू असतानाच डोक्यात हवं.

आणखी एक गोष्ट मुलीला जरूर विचारा. बारामतीची जमीनच समुद्रसपाटीपासून पावणेदोन-दोन हजार फूट उंचावर आहे. उंचीमापक ३,००० दाखवत असेल तर पायाखाली हजारभर फूटच शिल्लक असतात. चार मिनिटं आहेत असं समजणाऱ्याकडे खरं तर सव्वा मिनिट असतं.

चेकलिस्ट पाठ आहे. पण इन्स्ट्रक्टरने थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी कळ) मागे ओढला की आधी हात कुठे न्यायचा तेच सुचत नाही. क्रम कसा लावावा?
*प्रशिक्षणार्थी, धुळे*

आधी योक, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारं हँडल. बाकी सगळं त्यानंतर. चढताना विमानाचं नाक वर असतं आणि वेग ७४ नॉटच्या आसपास. ओढ थांबली की त्या अवस्थेत वेग दोन-तीन सेकंदांत घसरतो. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) वर असताना या विमानाचा स्टॉल (वेग कमी पडून पंखांचा आधार सुटणं) ४८ नॉटला होतो, म्हणजे हाताशी फार थोडं असतं. नाक लगेच खाली करा, क्षितिजाच्या थोडं खालीच जाऊ द्या, वेग ६८ वर आला की ट्रिम (योकवरचा जोर काढणारं चाक) लावा. ट्रिम लावलेलं विमान वेग स्वतः सांभाळतं आणि तुमचं डोकं मोकळं होतं. सरळ उडताना इंजिन गेलं असेल तर वेग जास्त असतो. तो ६८ वर येईपर्यंत उंची सोडू नका.

मग जागा. वारा पाहा, शेत ठरवा आणि तिकडे वळा. इंजिन चालू करण्याच्या खटपटीआधी हे करायचं, कारण खटपट करताना विमान कुठेतरी जातच असतं. ते उतरण्याच्या जागेकडेच गेलेलं बरं.

मग इंजिन. हात खालून वर न्या म्हणजे काही सुटत नाही: इंधन बंद करण्याची कळ पूर्ण आत, टाकीचा खटका 'बोथ'वर (दोन्ही टाक्या), इंधनाचा जादा पंप चालू, मिक्श्चर (हवा-इंधनाचं मिश्रण) रिच, म्हणजे जास्त इंधनाचं, मॅग्नेटो (ठिणगी देणारी दोन यंत्रं) 'बोथ'वर. पंखा वाऱ्याने फिरत असेल तर स्टार्टरची गरज नाही. पूर्ण थांबला असेल तरच किल्ली स्टार्टवर न्या. सेस्ना १५२ किंवा जुन्या १७२ सारखं कार्ब्युरेटरचं विमान असेल तर सर्वांत आधी कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) ओढा. ही उष्णता सायलेन्सरच्या भोवतालची असते. इंजिन बंद पडलं की सायलेन्सर झपाट्याने निवतो. मिनिटभराने ओढलेल्या कार्ब हीटमधून नुसती हवा येते.

एका मॅग्नेटोचं टायमिंग सरकलं असेल तर 'बोथ'वर इंजिन धडधडतं आणि एकट्या डाव्या किंवा उजव्यावर बरं चालतं. ही चाचणी पाच सेकंदांची आहे. उंची असेल तर जरूर करा.

बोलणं शेवटी. ज्या टॉवरशी संपर्क आहे त्याच फ्रीक्वेन्सीवर बोला. कोणीच नसेल तर १२१.५, ही आणीबाणीची फ्रीक्वेन्सी. 'मेडे' तीनदा, विमानाचं नाव, इंजिन बंद, कुठे आहात, किती उंचीवर, कुठे उतरताय, आत किती माणसं. ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाचा अंक कळवणारं यंत्र) संकटाचा अंक ७७००. वेळ नसेल तर ठिकाण आणि माणसांची संख्या एवढंच सांगा. मदतीला निघणाऱ्यांना तेच लागतं.

जमिनीपासून १,००० फुटांवर आलात की इंजिनाचा नाद सोडा. तिथून पुढे फक्त उतरायचं. अनेकांचा घात इथे होतो: चांगलं शेत समोर असतं, पण नजर किल्लीवर खिळलेली असते.

सोलोच्या (एकट्याने उडण्याच्या) आधी एक सवय लावून घ्या. विमान हँगरमध्ये उभं असताना आत बसा आणि डोळे मिटून हा क्रम हाताने करा, रोज दहा वेळा. खटका कुठे आहे हे हाताला कळलं पाहिजे.

टेक-ऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर वळून धावपट्टीवर परत का येऊ नये? ती तर पाठीमागेच असते.
*विद्यार्थी, गोंदिया*

पाठीमागे दिसते म्हणूनच ती जिवावर उठते. परत यायला १८० अंश वळणं पुरत नाही. वळणालाही रुंदी असते. ६८ नॉटवर ३० अंश झुकून वळलात तर अर्धं वर्तुळ पूर्ण होतं तेव्हा तुम्ही धावपट्टीच्या बाजूला सुमारे ४३० मीटरवर असता. तिच्याकडे यायला आणखी ४५ अंश वळायचं, मग उलटं वळून तिच्या रेषेत यायचं. २२५ अंशांच्या वळणाला चोवीस सेकंद, आधी गोंधळात गेलेली चार सेकंदं, वळताना वाढलेला उतरण्याचा वेग. कागदावरच पाचशे फूट संपतात. धावपट्टीपर्यंत परत येण्याचं अंतर यात धरलेलंच नाही.

मग जास्त झुकून वळलं तर? वळण लहान होतं, पण स्टॉलचा वेग चढतो. ४८ नॉटचा स्टॉल ४५ अंशांवर ५७ होतो आणि ६० अंशांवर ६८. म्हणजे जो वेग सर्वांत लांब नेणारा म्हणून शिकवला, त्याच वेगाला विमान पडतं. त्यात जमीन जवळ येताना दिसते, हात नकळत योक मागे ओढतो, पाय रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून नाक धावपट्टीकडे ढकलतो. स्पिन (गरगरत खाली कोसळणं) सुरू होतं ते असंच, आणि ४०० फुटांवरून स्पिनमधून कोणी बाहेर येत नाही.

म्हणून सर्किटच्या (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीच्या) उंचीपेक्षा, म्हणजे साधारण १,००० फुटांपेक्षा खाली असाल तर समोरच उतरा. दोन्ही बाजूंना तीस-तीस अंशांच्या आत जे सर्वांत कमी वाईट असेल ते निवडा. त्याहून वर असाल तर परत येणं शक्य असू शकतं, पण ते वाऱ्यावर, धावपट्टीच्या लांबीवर आणि तुम्ही वर सुरक्षित उंचीवर इन्स्ट्रक्टरसोबत हे वळण मोजून पाहिलंय का यावर ठरतं. मोजलं असेल तर आलेल्या आकड्यात निम्मा आणखी मिळवा आणि तो तुमचा आकडा माना. परत येताना वारा पाठीशी असतो हेही धरा. चाकं टेकतील ती जास्त वेगाने.

धावपट्टीवर सुटण्याआधी हे मोठ्याने म्हणा: "पळताना इंजिन गेलं तर थ्रॉटल बंद, ब्रेक. हवेत गेलो आणि हजाराखाली गेलं तर नाक खाली, डावीकडचं ते पडीक शेत." निर्णय जमिनीवर घेतलेला असला की वर फक्त अंमल उरतो.

आता याच प्रश्नाची कमी बोलली जाणारी बाजू. इंजिन नेहमी पूर्ण बंद पडत नाही. बरेचदा अर्धमेलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा ब्यूरोने २००० ते २०१० मधल्या एका इंजिनाच्या विमानांच्या नोंदी तपासल्या. टेक-ऑफनंतर ताकद अर्धवट गेल्याच्या २४२ घटना होत्या, पूर्ण गेल्याच्या ७५. जीवघेणे अपघात अर्धवटमध्ये नऊ, पूर्णमध्ये एकही नाही. कारण उघड आहे. इंजिन पूर्ण गेलं की माणूस समोर उतरतो. अर्धं चालू असलं की आशा धरतो, वळतो, वेग खर्चून उंची टिकवायला बघतो, आणि उरलेली ताकदही वळणाच्या मध्यावर जाते. अर्धी ताकद म्हणजे मिळालेला थोडा जास्त वेळ, एवढंच समजा. नाक खाली, वेग राखा, वळणं उथळ ठेवा आणि कायम अशा जागेच्या टप्प्यात राहा जिथे पुढच्या क्षणी इंजिन गेलं तरी उतरता येईल.

शेत निवडा, असं पुस्तकं सांगतात. पण ती पुस्तकं परदेशातल्या मोठमोठ्या कुरणांची. आपल्याकडे कुठे उतरायचं? रस्ता बरा नाही का?
*वाचक, सोलापूर*

या पत्राबद्दल मनापासून आभार. हे आपल्या मातीतच शिकायला हवं.

आधी गणित. पक्क्या कोरड्या धावपट्टीवर १७२ ला कमी अंतरात उतरण्याच्या पद्धतीने थांबायला सुमारे १७५ मीटर लागतात. चार एकरांचा चौकोनी तुकडा म्हणजे १२७ मीटरची बाजू. म्हणजे एकाच मालकाचा तुकडा बहुधा पुरणार नाही. पण पूर्ण थांबायला जागा हवी हा हट्टच चुकीचा. पलीकडच्या बांधाला १५ नॉटवर धडकलात तर विमान मोडेल, तुम्ही चालत बाहेर याल. अलीकडच्या बाभळींना ६५ नॉटवर धडकलात तर तसं होणार नाही. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. ५० नॉटने टेकताना समोर १० नॉटचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग ४०. पाठीशी असेल तर ६०. फरक दीडपट वेगाचा, पण धक्का सव्वादोन पट. म्हणून वाऱ्याच्या तोंडावर उतरायचं. चढ असेल तर चढाच्या दिशेने, आणि चढ ठसठशीत असला तर वाऱ्याआधी चढाचा विचार करा.

आता पिकं. ऑक्टोबरात सोयाबीन निघालेलं शेत, फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू कापलेलं शेत, ही सर्वांत चांगली. वरून पिवळसर, सपाट, एकसारखं दिसतं. ज्वारी कापून धाटं उभी असली तरी चालेल. ऊस तोडलेलं रान कोरडं असेल तर चालतं, फक्त सरीच्या समांतर उतरा. सरी आडवी घेतलीत तर पुढचं चाक पहिल्या-दुसऱ्या वरंब्याला मोडतं. उभा ऊस आठ-दहा फुटांचा. दुसरं काहीच नसेल तर उसाचा शेंडा हीच जमीन समजून, पूर्ण फ्लॅपवर, कमीत कमी वेगाने त्यावर बसा. विमान उलटू शकतं, पण ऊस धक्का बराच खातो.

द्राक्षबागेत मात्र कधीच नाही. वरून ते हिरवं छत दिसतं. आत लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा असतात. नाशिक, तासगाव, पंढरपूर भागात उडताना हे लक्षात ठेवा. शेडनेट आणि पॉलीहाऊसचंही तेच. तूर आणि कपाशीची उभी पऱ्हाटी चाकात अडकते, तरी द्राक्षापेक्षा शतपटींनी बरी.

एप्रिल-मेमधली नांगरट फसवी असते. वरून मऊ काळा गालिचा वाटतो. खाली डोक्याएवढी ढेकळं असतात. उतरावंच लागलं तर तासाच्या समांतर. पावसाळ्यात काळी माती चाक धरून ठेवते आणि विमान नाकावर जातं. तिथे टेकल्यावर योक पोटाशी ओढून धरा, ब्रेकला हात लावू नका. उजनीच्या काठावर उन्हाळ्यात उघडी पडणारी गाळाची जमीन वरून सुकलेली दिसली तरी आत ओली असू शकते. माळरान टणक असतं, पण दगड आणि ओघळी वरून कळत नाहीत. मेंढरं चरतात तो भाग बहुधा चालण्याजोगा असतो. कोकणात आणि मावळात भातखाचरं लहान आणि पायऱ्यापायऱ्यांची. लांबीच्या दिशेने आणि बांध ओलांडावा लागणार नाही अशा बेताने या.

तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. म्हणून खांब शोधा आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरा. शेतात डीपी असेल तर तिथे कुठून तरी लाइन आलेलीच असते. विहिरींना आपल्याकडे बरेचदा कठडा नसतो. एकटंच झाड आणि शेजारी मोटरीची पेटी दिसली तर तिथे विहीर आहे असं समजा.

रस्त्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: शेत असताना रस्ता नको. १७२ च्या पंखांचा विस्तार ११ मीटर. दुपदरी रस्ता ७ मीटरचा. उरलेले पंख झाडांत, फलकांत, खांबांत जातात. द्रुतगती मार्ग रुंद असला तरी मधला दुभाजक, पूल, कमानी आणि ज्यांना तुम्ही दिसतच नाही असे ट्रकवाले असतात. तुमच्या विमानात बसलेल्याने हा धोका पत्करलेला असतो; दुचाकीवरून चाललेल्या कुटुंबाने पत्करलेला नसतो.

शेत ठरलं तरी मी दर वेळी एक तर लांब जातो किंवा अलीकडे पडतो. शेवटचे हजार फूट कसे जमवायचे?
*प्रशिक्षणार्थी, शिरपूर*

शेताला धावपट्टी समजा आणि ओळखीचंच सर्किट घ्या. उंची भरपूर असेल तर शेताच्या वरच घिरट्या घाला, लांब जाऊ नका. डाउनविंडवर (उतरण्याच्या उलट दिशेने, शेताला समांतर जाताना) शेताच्या बरोबर बाजूला असताना जमिनीपासून १,००० फूट हवेत. तिथून बेसला (शेताच्या रेषेला आडव्या टप्प्याला) वळा, आणि बेसवरच निर्णय करा: उंच वाटलं तर बेस बाहेर ढकला किंवा फ्लॅप घ्या, खाली वाटलं तर तिरकं आत कापा.

निशाणा शेताच्या अलीकडच्या टोकावर ठेवू नका; लांबीच्या एक तृतीयांश आत ठेवा. तिथे पोचणार याची खात्री पटली की मगच फ्लॅप वाढवून तो बिंदू अलीकडे आणा. जास्तीची उंची फ्लॅपने, नागमोडी वळणांनी किंवा साइडस्लिपने (विमान तिरकं घसरवून) उतरवता येते. कमी पडलेली उंची कशानेच आणता येत नाही. नाक वर ओढून विमान लांबवायचा मोह होईल. वेग ६८ च्या खाली गेला की उतार आणखी तीव्र होतो आणि तुम्ही आणखी अलीकडे पडता. खिडकीतला ठरवलेला बिंदू वर सरकत असेल तर तुम्ही अलीकडे पडताय, खाली सरकत असेल तर पलीकडे जाताय, स्थिर असेल तर तिथेच पोचताय.

पोचणार हे नक्की झालं की मिक्श्चर बंद, इंधनाची कळ बाहेर, मॅग्नेटो बंद. फ्लॅप ३० अंशांपर्यंत घ्या आणि त्यानंतरच मास्टर स्विच (विमानाची सगळी वीज तोडणारा) बंद करा. सेस्नाचे फ्लॅप विजेवर चालतात. मास्टर आधी बंद केला तर ते आहेत तिथेच अडकतात. पट्टे आवळा, खांद्याचेसुद्धा. दारं उघडून कडी बाहेर ठेवा, म्हणजे चौकट वाकली तरी दार जाम होणार नाही. फ्लॅपसह वेग ६५, शेवटी शेपटी किंचित खाली ठेवून, जेवढं हळू जमेल तेवढं हळू टेका. पट्टे घट्ट असलेलं शरीर ४५ नॉटचा वेग तीन मीटरमध्ये संपला तरी वाचू शकतं. ते तीन मीटर पंखांनी, चाकांनी, कुंपणाने दिले तरी चालतात. विमान वाचवायचा विचार या टप्प्यावर मनात आणू नका.

इंजिन बंद पडतंच का? देखभाल नीट असेल तर हा प्रश्न यायलाच नको ना?
*विमान देखभाल अभ्यासक्रमाचा विद्यार्थी, पुणे*

देखभालीच्या चुकीने पडतं तसं वैमानिकाच्या चुकीनेही पडतं, आणि इंधन हा दुसऱ्या प्रकारातला मोठा भाग. टाकी रिकामी होणं, किंवा एका टाकीत असताना खटका दुसरीवर राहणं. काट्यावर विसंबू नका. शिडी लावा, झाकण उघडा, काठी बुडवून पाहा. मग ताशी ३० ते ३८ लिटरने स्वतःचा हिशेब करा.

दुसरं पाणी. १७२ एसला इंधनाचे १३ ड्रेन (नमुना काढायच्या तोट्या) आहेत, दर पंखाखाली पाच आणि नाकाखाली तीन. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या विमानाचे तेराच्या तेरा पाहा. नमुना पांढऱ्या कागदासमोर धरा. १०० एलएल, म्हणजे विमानाचं पेट्रोल, निळं असतं. अख्खा पेला पाण्यानेच भरलेला असेल तर तळाशी थेंब दिसणार नाही. सगळंच स्वच्छ दिसेल आणि फसाल. निळा रंग नसला की थांबा. चुकून जेटचं इंधन भरलं असेल तरी निळा रंग उडतो. कागदावर थेंब टाका, जेटचा तेलकट डाग राहतो, पेट्रोल उडून जातं.

टाकीला हवा देणारी नळी डाव्या पंखाखाली असते. आठवडाभर उभ्या विमानाच्या त्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. टाकीत हवा जात नाही, इंधन खाली यायचं थांबतं, आणि इंजिन अर्ध्या तासाने बंद पडतं, टाक्या भरलेल्या असताना. रोज बोटाने आणि टॉर्चने पाहा.

कार्ब्युरेटरमधला बर्फ हा आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित धोका. लोकांना वाटतं बर्फ म्हणजे काश्मीर. पण कार्ब्युरेटरच्या गळ्यात इंधनाची वाफ होताना आणि हवेचा दाब पडताना तापमान तीसेक अंशांहूनही जास्त घसरू शकतं. बाहेर २० अंश आणि दमट हवा, म्हणजे कोकणातली किंवा नगरकडची हिवाळी सकाळ, हा उत्तम मुहूर्त. पण बाहेर ३८ अंश असतानाही बर्फ होऊ शकतो. ठरावीक कोनाच्या पंख्याच्या विमानात आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) हळूहळू उतरतो, मग इंजिन थरथरतं. कार्ब हीट पूर्ण ओढा. सुरुवातीला आरपीएम आणखी पडेल आणि वितळलेलं पाणी आत गेल्याने इंजिन खोकेल. याच क्षणी घाबरून कळ परत ढकलणारे पुष्कळ. धीर धरा, बर्फ निघाला की आरपीएम चढतो. १७२ एसमध्ये इंधन इंजेक्शनने जातं, म्हणून तिला ही कळच नाही.

तेलाचा दाब पडतोय आणि तापमान चढतंय, दोन्ही एकदम, तर इंजिनाकडे काही मिनिटंच उरली आहेत. ते चालू असतानाच जागा गाठा. १७२ एसमध्ये पाच क्वार्टपेक्षा (साधारण पावणेपाच लिटरपेक्षा) कमी तेलावर उडायचं नसतं.

तुमच्या विषयाच्या जवळचं एक उदाहरण. ५ मार्च २०१५ रोजी अभिनेता हॅरिसन फोर्ड सांता मोनिकाहून उडाला तेव्हा त्याच्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या रायन विमानाची ताकद लगेच गेली. धावपट्टी गाठता येणार नाही हे कळल्यावर तो शेजारच्या गोल्फ मैदानावर उतरला, झाडाला लागून पडला, गंभीर जखमी झाला, पण वाचला. अमेरिकेच्या तपास मंडळाला दोष सापडला तो कार्ब्युरेटरच्या मुख्य जेटमध्ये (इंधन मोजून सोडणाऱ्या छिद्राच्या तुकड्यात): ते आपल्या जागेवरून आटे सुटून वर आलं होतं, त्यामुळे इंजिनात वाजवीपेक्षा जास्त पेट्रोल जात होतं. ते जेट घट्ट आहे का पाहा, असं देखभालीच्या कागदांत लिहिलेलंच नव्हतं. खांद्याचा पट्टा नंतर बसवलेला, तोही आसनाच्या पाठीला आधाराची पट्टी न देता. धक्क्यात तो उखडला आणि इजा वाढली. पट्टा कशाला बांधलाय हेही तपासणाऱ्याने पाहायचं असतं.

जुहूहून किंवा गोव्याकडे किनाऱ्याने जाताना समुद्रावर इंजिन गेलं तर?
*वाचक, वास्को*

किनारा टप्प्यात राहील एवढी उंची ठेवा, हे पहिलं. पाण्यावरच उतरायची वेळ आली तर कायम बाहेर असणारी चाकं पाण्यात रुततात आणि विमान बहुधा उलटतं. लाइफ जॅकेट आधीच अंगात हवं, पण आत बसून फुगवायचं नाही. फुगलेलं जॅकेट तुम्हाला छताशी चिकटवून ठेवतं. दारं आधीच उघडी करून काहीतरी अडकवा. वारा जोरात असेल तर वाऱ्याच्या तोंडावर, मंद असेल तर लाटांच्या लांबीला समांतर. इंजिनाशिवाय फ्लॅप १० आणि ६५ नॉट. एक हात दाराच्या कडेवर ठेवा आणि तो सोडू नका. उलटं झाल्यावर दिशा तोच हात सांगतो.

आमच्या भागावरून दिवसभर शिकाऊ विमानं फिरतात. एखादं आमच्या रानात उतरलं तर आम्ही काय करावं?
*एक शेतकरी, ता. इंदापूर*

विमानाने तार तोडून आणली असेल तर जवळ जाऊ नका. आधी महावितरणला फोन करून लाइन बंद करून घ्या. तार नसेल तर शेपटीकडून किंवा बाजूने जा, समोरून नाही. पंखा थांबलेला असला तरी त्याला हात लावू नका. तो हलला तरी इंजिन एखादा झटका घेऊ शकतं. टाक्या पंखांत असतात आणि त्यांत २०० लिटर पेट्रोल असू शकतं. बिडी, काडी, मोटारसायकल, ट्रॅक्टर सगळं शंभर पावलं दूर, आणि माणसांनी वारा येतो त्या बाजूला थांबायचं. काही विमानांना छताच्या मागे रॉकेटने सुटणारं पॅराशूट असतं आणि बाहेर तसा इशारा लिहिलेला असतो. तो भाग कापू किंवा ठोकू नका.

आतला माणूस बोलत असेल आणि आग किंवा पेट्रोलची गळती नसेल तर त्याला ओढून काढू नका. १०८ आणि ११२ ला फोन करा, गट नंबर आणि जवळची वस्ती सांगा. आग लागत असेल तर काढाच. पट्ट्याची कडी उचलली की सुटते. न सुटल्यास कोयत्याची धार अंगापासून बाहेर धरून कापा. विमान उलटं असेल तर आधी दोघांनी त्याला खांद्याशी आणि कमरेशी आधार द्या, मग पट्टा सोडा. नाही तर तो मानेवर पडतो.

माणसं निघाल्यावर विमान हलवू नका, सुटे तुकडे उचलू नका. तपासाला येणारे लोक पिकात पंख्याने मारलेले काप आणि चाकोऱ्या मोजतात. टेकताना इंजिनात ताकद होती का, हे त्यावरूनही कळतं. तेवढ्या तुकड्यात गर्दी जाऊ देऊ नका, आणि त्या दिवशीची पाण्याची पाळी असेल तर त्या सऱ्यांचं पाणी दुसरीकडे वळवा.